काडी मोडली, नाव राहिलं

मागच्या दिवाळीत धुळ्याला घरी गेलो होतो. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली, तर तळाशी एक स्टॅम्पपेपर सापडला. साल १९६१. पाच पंचांच्या सह्या-अंगठे आणि खाली माझ्या आजीच्या बहिणीचा, म्हणजे जिजीचा अंगठा. ही तिची सोडचिठ्ठी. तिचा नवरा मिल्ट्रीत होता, म्हणून हा एक कागद आमच्या घराला तीस वर्षं पुरला. बरेच दिवस लिहीन म्हणत होतो, आज लिहितोच.

आपल्या खानदेशात बऱ्याच समाजांत काडीमोड जुनीच. पंच बसायचे, देणंघेणं मिटवायचे, दोघं मोकळी. मग बाईला पाट लावायची मुभा. कायदा नंतर आला. मुंबई प्रांतात १९४६ साली दोन बायका करायला बंदी आली आणि १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. धुळे-जळगाव (तेव्हाचे पश्चिम आणि पूर्व खानदेश) त्याच प्रांतात. देशभराचा हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या कलम २९ ने रूढीचा काडीमोड मोडीत काढला नाही. आदिवासींना तर हा कायदा सरकारने वेगळं जाहीर केल्याशिवाय लागूच नाही. म्हणजे पंचांचा कागद अगदीच रद्दी नव्हता. अट एकच, वाद झाला तर ती रूढी आपल्या समाजात खरंच चालत आलेली आहे हे कोर्टात सिद्ध करायचं. सुप्रीम कोर्टाने २००२ साली हेच पुन्हा सांगितलं.

पण मिल्ट्रीचा कारभार पंचांवर नाही, नोंदीवर चालतो. लग्न, मूल, घटस्फोट, सगळ्याचा पार्ट टू ऑर्डर निघतो. तिथे जे नाव, ती बायको. जिजीच्या नवऱ्याने सोडचिठ्ठी घेतली, चोपड्याकडच्या एका विधवेशी पाट लावला, पण ऑफिसला काही कळवलं नाही. त्याच्या डिस्चार्ज बुकात जिजीच राहिली.

तेव्हा कोणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण साध्या मृत्यूनंतर विधवेला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं तेच मुळी १ जानेवारी १९६४ ला. सोडचिठ्ठीनंतर तीन वर्षांनी! तोवर नोंदीतल्या नावाला एवढी किंमत नव्हती.

१९८६ साली तो वारला. धाकटी पेन्शनसाठी गेली तर तिचं नाव कुठेच नाही. एका कचेरीतल्या बाबूने तिला सरळ 'तुम्ही कोण?' म्हणून विचारलं. पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला! आणि जिजीला निरोप आला की कागदोपत्री तुम्हीच विधवा, अर्ज करा. जिजी तेव्हा भावाच्या घरी राहून शेतात मजुरीला जायची. मुलगा वयाच्या अटीबाहेर गेलेला. पैसा तिलाही हवाच होता.

आता जरा कायद्याचं बोलू. नवरा नोकरीत असेपर्यंत त्याचा पगार दिवाणी कोर्टाला जप्त करता येत नाही (आर्मी ॲक्ट १९५०, कलम २८). म्हणून बायको कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज करते आणि त्याच कायद्याच्या कलम ९०-९१ खाली पगारातून पोटगी कापता येते. पण घटस्फोट झाला की कँटीन कार्ड गेलं, २००३ साली आलेल्या ईसीएचएसचा दवाखाना गेला, नवऱ्यामागचं कुटुंब निवृत्तिवेतनही गेलं. उरते कोर्टाने ठरवलेली पोटगी आणि मुलांचा हक्क. गंमत बघा, केंद्र सरकारने २००४ साली घटस्फोटित मुलीला पंचविशीनंतरही आई-वडिलांमागे हे निवृत्तिवेतन मिळण्याची सोय केली, पुढे ती सैनिकांच्या मुलींनाही मिळाली. म्हणजे मुलगी म्हणून हक्क आहे, बायको म्हणून वीस वर्षं काढली त्याचं काही नाही! अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने कोर्टांना लष्करी पेन्शन घटस्फोटात वाटून द्यायची मुभा दिली. वीस वर्षांची नोकरी, वीस वर्षांचा संसार आणि दोन्ही वीस वर्षं बरोबरीने चाललेले असतील, तर पुन्हा लग्न करेपर्यंत दवाखानाही टिकतो. आपल्याकडे असा विचार अजून झालेला नाही.

तर जिजी. धाकटीने दावा लावला. घरातले सगळे जिजीला म्हणाले, गप्प बस, सोडचिठ्ठीचं नाव काढू नको, पेन्शन तुझीच आहे. जिजीने ट्रंकेतून हा कागद काढला, एसटीत बसली आणि कोर्टात जाऊन सांगून आली की पंच बसले होते, आमच्यात असंच चालतं, हा अंगठा माझाच. विचारलं तर एवढंच म्हणाली, "जे व्हयनं ते व्हयनं. खोटं कसाले बोलू?"

१९९१ साली धाकटीची पेन्शन सुरू झाली. जिजी शेवटपर्यंत मजुरीला जात राहिली.

मला धाकटीचं वाईट वाटत नाही, तिला मिळालं ते योग्यच मिळालं. सलतं ते हे, की जिजीच्या खरेपणाला कुठल्याच नियमात रकाना नव्हता. नवरा सीमेवर असताना सासू-सासरे तिने सांभाळले होते. त्या वर्षांची नोंद कुठल्या पार्ट टू ऑर्डरमध्ये निघाली?

असो. तुमच्या घरात कोणी माजी सैनिक असेल आणि जुना काडीमोड फक्त पंचांच्या कागदावर असेल, तर एवढं करा. धुळ्याच्या किंवा जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन नोंद कशी दुरुस्त करायची ते विचारा. माणूस हयात असतानाच. मागे राहिलेल्या दोन बायकांना कोर्टात एकमेकींसमोर उभं राहायला लागू नये.

ट्रंक परत माळ्यावर ठेवली. कागद मात्र माझ्याकडे आणलाय.