हापूस आंब्याची हवाई निर्यात : अंतराकडून प्रमाणपत्राकडे

प्रस्तावना :
कोकणच्या अर्थजीवनात हापूस आंब्याचे स्थान सर्वश्रुत आहे. पोर्तुगीज काळात गोमंतकात कलमांच्या साहाय्याने जोपासली गेलेली आणि अफोन्सो द आल्बुकर्क याच्या नावाशी जोडली गेलेली ही जात पुढे रत्नागिरी व देवगड परिसरात स्थिरावली. भारत हा जगातील सर्वांत मोठा आंबा उत्पादक देश आहे. तथापि त्याच्या एकूण उत्पादनापैकी एक टक्क्याहूनही कमी ताजा आंबा परदेशी जातो. मोठी देशांतर्गत मागणी, फळाचा नाशवंतपणा व अंतर ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे होत. परंतु विमानाने अंतर कमी केल्यावरही निर्यातीच्या वाटा वारंवार बंद झाल्या. त्या का बंद झाल्या, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अंतराचा प्रश्न :
झाडावरून उतरविलेला तयार हापूस अढीत साधारणतः दहा ते पंधरा दिवसांत पिकतो. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या आगबोटीस याहून अधिक काळ लागे. त्यामुळे फळाचे पिकणे लांबविणे हाच त्या काळातील मुख्य उपाय होता. पुण्यानजीकच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात १९३० च्या दशकात झालेले शीतसाठवणुकीचे प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचे ठरतात. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाची मुंबई-लंडन विमानसेवा सुरू झाली आणि आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आला. १९७० नंतर आखाती देशांत व ब्रिटनमध्ये भारतीयांची वस्ती वाढली, तशी हापूसची मागणीही वाढली. विमानभाड्यामुळे हे फळ महाग झाले, पण ते खाण्याजोग्या अवस्थेत पोहोचू लागले.

किडीचा प्रश्न :
वेगवान वाहतुकीने फळाबरोबर किडीलाही वेग दिला. फळमाशी आणि कोयीतील भुंगेरा यांच्या भीतीने अनेक देशांनी भारतीय आंब्यास दार बंद केले. जपानने १९८६ मध्ये घातलेली बंदी २००६ मध्ये उठली, तीही उष्णबाष्प प्रक्रियेच्या अटीवर. अमेरिकेची बाजारपेठही दीर्घकाळ बंद होती. मार्च २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या भारतभेटीत ती खुली करण्याचे ठरले आणि एप्रिल २००७ मध्ये पहिली खेप न्यूयॉर्कला पोहोचली. किमान ४०० ग्रे मात्रेची विकिरण प्रक्रिया ही त्यासाठीची अट होती.

ही प्रक्रिया प्रथम नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या 'कृषक' केंद्रात झाली. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये उभारलेल्या या केंद्राचा मूळ हेतू कांद्याला कोंब फुटू नयेत हा होता. परिणामी कोकणातील आंबा सह्याद्री ओलांडून कांद्याच्या बाजारपेठेत जाई व पुन्हा घाट उतरून मुंबईच्या विमानतळावर येई. विमानाने वाचविलेल्या वेळेचा काही भाग अशा रीतीने रस्त्यावर खर्ची पडे. पुढे राज्य कृषी पणन मंडळाने वाशी येथे विकिरण सुविधा उभारली.

प्रमाणपत्राचा प्रश्न :
युरोपात मात्र दीर्घकाळ अशी सक्तीची प्रक्रिया नव्हती. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे व भाज्यांच्या २०७ खेपांत कीड आढळल्यानंतर युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आंब्यासह पाच उत्पादनांवर बंदी घातली. ऐन हंगामात आलेल्या या निर्णयाविरुद्ध गोमंतकीय वंशाचे ब्रिटिश खासदार कीथ वाझ यांनी आवाज उठविला. तपासणी व प्रक्रिया यांची व्यवस्था सुधारल्यावर २०१५ च्या प्रारंभी आंब्यावरील बंदी उठली. मात्र तो हंगाम परत मिळणार नव्हता.

अमेरिकी व्यवस्थेत तेथील निरीक्षकाच्या उपस्थितीत प्रक्रिया होणे बंधनकारक होते. कोविड साथीमुळे निरीक्षक येऊ न शकल्याने २०२० व २०२१ चे हंगाम वाया गेले. २०२२ मध्ये निर्यात पूर्ववत झाली. मे २०२५ मध्ये तर वाशी येथे प्रक्रिया झालेल्या १५ खेपा अमेरिकेत नाकारण्यात आल्या. नकाराचे कारण कीड नव्हते, तर प्रक्रियेच्या कागदपत्रांतील त्रुटी हे होते. माल परत आणणे परवडणारे नसल्याने तो तेथेच नष्ट करावा लागला. आगबोटीच्या काळात आंबा विलंबामुळे नासे. येथे तो वेळेवर पोहोचूनही वाया गेला.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, हापूसच्या हवाई निर्यातीचा इतिहास हा केवळ वेगाचा इतिहास नाही. फळ चांगले आहे, हे ठरविण्याचा अधिकार बागायतदार व दलाल यांच्या पारखी नजरेकडून प्रक्रिया केंद्राकडे आणि तेथून परदेशी निरीक्षकाच्या स्वाक्षरीकडे सरकत गेला. किडीपासून स्वतःच्या शेतीचे रक्षण करण्याचा आयातदार देशांचा हक्क नाकारता येत नाही. परंतु अधिकार ज्या दिशेने सरकला, त्या दिशेने जोखीम सरकली नाही. ती निर्यातदाराकडे, आणि त्याच्यामार्फत बागायतदाराकडेच राहिली. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाचे रक्षण झाले, हंगामाचे मात्र नाही. दोन-अडीच महिन्यांच्या हंगामावर वर्षाचा संसार उभा करणाऱ्या कोकणातील कुटुंबांच्या दृष्टीने या जोखमीची न्याय्य विभागणी हाच आज खरा प्रश्न आहे.