वसईचा किल्ला

पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात, उल्हास नदीची खाडी अरबी समुद्रास मिळते त्या मुखाच्या उत्तर तीरावर उभा असलेला पोर्तुगीज अमदानीतील भुईकोट. हुमायूनच्या स्वारीने धास्तावलेल्या गुजरातच्या सुलतान बहादुरशाहाने डिसेंबर 1534 मध्ये तह करून वसईचा मुलूख पोर्तुगिजांच्या हवाली केला आणि पुढील दोन शतके हे ठाणे गोव्याखालोखाल त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी म्हणून नांदले.

याला निव्वळ किल्ला समजून पाहावयास जाणाऱ्याची थोडी फसगतच होते. कारण तटबंदीच्या आत सुमारे 110 एकरांत जे पसरले आहे ते एक संपूर्ण शहर असून, सरदारांचे वाडे, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट आदी पंथांची मंदिरे व मठ यांचे अवशेष आज ताडामाडांच्या आणि रानवेलींच्या गराड्यात उभे आहेत. सेंट जोसेफच्या प्रार्थनामंदिराचा मनोरा यांत सर्वांत उठून दिसतो. फ्रान्सिस्कनांच्या मंदिरात मात्र दृष्टी खालीच ठेवावी, कारण तेथील फरशीत थडग्यांच्या शिळा बसविलेल्या असून त्यांवरील पोर्तुगीज अक्षरे व वंशचिन्हे पायांनी झिजत आली आहेत. वसईचा काळा घडीव दगड गलबतांतून गोव्यास जाई. जुन्या गोव्यातील बॉम जीझस मंदिराचे दर्शनी अंग त्याचेच. जपानात 1597 साली हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया वसईचेच.

फेब्रुवारी 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने मोर्चे लावले. पाण्याच्या बाजूने तटास भिडणे दुर्घट असल्यामुळे सारा भर जमिनीकडील बुरुजांखाली सुरुंग खणण्यावर पडला आणि, काही सुरुंग मराठ्यांच्याच अंगावर उलटले तरी, अखेरीस सेंट सेबास्टियन बुरुजास खिंडार पडून मे महिन्यात किल्ला शरण आला. शत्रूस हत्यारे व चीजवस्तूंसह निघून जाण्यास आठ दिवसांची मुदत देण्यात आली. विजयाइतकीच ही उदार कलमेही स्मरणीय होत.

बागलाणातील नामपूरकरांना वसई परकी वाटण्याचे कारण नाही. त्यांच्या मोसम नदीच्याच काठी, खाली मालेगावास, भुईकोट बांधणाऱ्या नारोशंकर राजेबहाद्दरांनी नाशिकास गोदातीरी जे देवालय उभारले, त्याची प्रचंड घंटा पोर्तुगीज घडणीची असून तीवर 1721 हे साल आहे. ती वसईच्या विजयातून आली अशी परंपरा आहे.

डिसेंबर 1780 मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डने किल्ला घेतला, सालबाईच्या तहाने तो मराठ्यांस परत मिळाला, आणि 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईसच इंग्रजांची तैनाती फौज पत्करून पेशवाईचे स्वातंत्र्य गहाण टाकले. बापाने रक्त सांडून मिळविलेल्या भूमीवर लेकरांनी सही करावी तसा हा प्रकार झाला.

नामपूरहून सटाणामार्गे नाशिक गाठून, तेथून आगगाडीने कल्याण व पुढे दिव्याहून वसई रोड असा प्रवास सोयीचा पडतो. स्थानकावरून किल्ल्यास रिक्षा मिळते. पावसाळ्यात गवत फार माजते, तेव्हा हिवाळा बरा. शिवाय त्या दिवसांत शेजारच्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात बांबूंच्या मांडवांवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगाही पाहावयास मिळतात.