खटल्याच्या नावात न मावलेली माणसे

पुण्यातल्या ज्या हत्याकांडाला सगळा महाराष्ट्र ‘जोशी-अभ्यंकर खून खटला’ या नावाने ओळखतो, त्यात मारली गेलेली माणसे दहा होती. जोशी कुटुंबातली तीन, अभ्यंकर कुटुंबातली चार. म्हणजे खटल्याच्या नावात सात माणसे मावली. उरलेली तीन मावली नाहीत. प्रकाश हेगडे, सकूबाई वाघ आणि अनिल गोखले ही ती तीन नावे होत. खटल्याला नाव सोयीने पडते, त्यात कुणाचा कट नसतो, हे मला मान्य आहे. परंतु सोय कुणाची आणि विसर कुणाचा, हा प्रश्न इतिहास लिहिणाराने विचारलाच पाहिजे. पन्नास वर्षांच्या अंतरावरून तो विचारण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम घटनाक्रम सांगतो. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शहा आणि सुहास चांडक हे टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी आपल्याच वर्गातल्या प्रकाश हेगडे याला फसवून नेले, कर्वे रस्त्यावर जक्कलच्या पत्र्याच्या शेडमध्ये डांबले आणि त्याच रात्री ठार केले. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी विजयानगर कॉलनीत जोशी पतिपत्नी व त्यांचा मुलगा मारले गेले. १ डिसेंबरच्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच माणसांचा जीव गेला. २३ मार्च १९७७ रोजी अनिल गोखले या तरुणाचा खून झाला. त्याचे प्रेत नदीत सापडले, पोलिसांनी या टोळक्याला विचारपूस सुरू केली, जबाबांत जबाब जुळेनात आणि मार्च संपण्याच्या आत सगळे गजाआड झाले.

यातले पहिले प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि लोकांच्या बोलण्यात तेच सर्वांत कमी येते. प्रकाशचे वडील कॉलेजजवळ एक लहानसे हॉटेल चालवीत. गल्ल्यावर पैसा दिसतो. त्या दिसणाऱ्या पैशासाठी पोराला उचलले गेले. तो आपणहून घर सोडून चालला आहे अशा अर्थाचे पत्र त्याच्याच हाताने लिहवून घेतले. मग नायलॉनच्या दोरीने गळा आवळून प्रेत लोखंडी पिंपात घातले आणि ते पिंप सारसबागेलगतच्या तळ्यात सोडून दिले. बापाकडे खंडणीची मागणी गेली ती यानंतर. मेलेल्या पोराच्या सुटकेची किंमत बापाकडे मागितली गेली. पुढे वर्षाहून अधिक काळ ते पिंप तळ्यात पडून होते, आणि त्या तळ्याकाठी पुणे शहर रविवारी भेळ खात होते. जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत शहराला भीती वाटली नाही. एका हॉटेलवाल्याचा मुलगा नाहीसा झाला, एवढेच. भीती वाटू लागली ती बंगल्यांची दारे वाजल्यावर. शहराची भीतीसुद्धा आपापल्या वस्तीचा पत्ता विचारूनच येते.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगणे भाग आहे, कारण त्या वाचून पुढचा मुद्दा मला मांडता येणार नाही.

आम्ही तेव्हा दांडेकर पुलाजवळच्या झोपडपट्टीत राहत होतो. मी दहावीत होतो. आई डेक्कनच्या बाजूला चार बंगल्यांत धुणेभांडी करी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुणे अंधार पडायच्या आत घरात शिरू लागले. सिनेमाचे रात्रीचे खेळ ओस पडले. दारांना साखळ्या आणि गोल भिंगे बसली. त्या दिवसांत एका घरच्या बाई आईला म्हणाल्या, “घरात आम्ही दोघंच म्हातारी माणसं. तू रात्री इथंच झोपत जा, तेवढीच सोबत होईल.” बाई वाईट नव्हत्या. माझी शाळेची फी त्यांनी एकदा भरली होती. आई गेली. महिनाभर ती त्या बंगल्यात झोपली.

ती कुठे झोपत होती हे तिने पुष्कळ वर्षांनी सांगितले. “सोबतीला म्हनून नेलं, आन् पुढच्या दाराशी हातरूण दिलं. म्हनल्या, दार वाजलं तर तू आधी इचार, कोन हाय ते.” एवढे बोलून ती गप्प झाली. मग म्हणाली, “तिथली ती बाई बी अशीच आसंल का रं?”

‘तिथली ती बाई’ म्हणजे सकूबाई. आईला तिचे नाव ठाऊक नव्हते. शहरातल्या हजारो मोलकरणींनाही ते ठाऊक नसावे. तरी प्रत्येकीने रात्री दाराशी पडल्या पडल्या तिचाच विचार केला असेल, असे मला वाटते.

सकूबाई वाघ अभ्यंकरांच्या घरी काम करणारी, साठीच्या घरातली बाई. त्या रात्री ती त्या घरात होती, हाच तिचा गुन्हा. तिच्याकडे चोरण्यासारखे काही नव्हते. कपाटाची किल्ली तिच्या कनवटीला नव्हती. ज्या ऐवजासाठी हे सगळे घडले त्या ऐवजात तिचा वाटा नव्हता, पण मरणात मात्र तिला बरोबरीचा वाटा मिळाला. आपल्या समाजव्यवस्थेने घरकामगार बाईला बरोबरीने दिलेली ही एकच गोष्ट. तिची जात शोधायला मी निघालेलो नाही. दुसऱ्याच्या घरात खरकटे काढणाऱ्या बाईची जात जी असेल ती असो, तिची जागा कुठली हे आपल्याला कुणी सांगायला नको.

ज्या घरात ती मारली गेली ते घर विद्वानाचे होते. काशिनाथशास्त्री अभ्यंकर हे व्याकरणाचे मोठे पंडित. त्यांचा संस्कृत व्याकरणाचा कोश १९६१ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाला आणि तो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. एकेका संज्ञेची नोंद करण्यात आयुष्य वेचलेला हा म्हातारा माणूस अशा रीतीने मारला जावा, याची हळहळ कुणालाही वाटेल. मलाही वाटते. माझा प्रश्न त्यांना नाही. माझा प्रश्न आहे तो त्यांच्यानंतर हा इतिहास सांगणाऱ्यांना. शब्दाशब्दाची नोंद ठेवण्याचा अभिमान मिरवणाऱ्या या संस्कृतीला त्याच घरात, त्याच दोरीने मेलेल्या बाईची नोंद ‘आणि एक मोलकरीण’ एवढीच का करावीशी वाटली?

दुसरी एक गोष्ट. हा सगळा काळ आणीबाणीचा होता. २५ जून १९७५ ला ती लादली गेली आणि २१ मार्च १९७७ ला उठली. दहापैकी नऊ खून तिच्या पोटात झाले. दहावा ती उठल्यावर दोनच दिवसांनी. अनुशासन पर्वाच्या गप्पा चालू होत्या. कुणालाही केव्हाही उचलण्याचा अधिकार सरकारच्या हाती होता, आणि तो राजकीय कार्यकर्त्यांवर सढळपणे वापरला गेला. इतका अधिकार असूनही विद्वानाच्या घरातला म्हातारा वाचला नाही आणि हॉटेलवाल्याचा पोरगाही वाचला नाही. दंडुका मोठा झाला म्हणजे माणूस सुरक्षित होतो असे मानणाऱ्यांनी पुण्याचे हे पंधरा महिने नीट वाचावेत.

आरोपी पकडले गेल्यावर पांढरपेशा समाजाने एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: कॉलेजात शिकणारी, हातात कुंचला धरणारी मुले असे कसे करू शकतात? प्रश्न प्रामाणिक होता. मानसशास्त्र, दारू, इंग्रजी सिनेमे, पालकांचे दुर्लक्ष, सगळ्यांवर चर्चा झाली. माणूस गुन्हेगार का होतो, याचा इतका बारकाईने विचार झाला हे चांगलेच झाले. पण हा विचार कुणाच्या वाट्याला येतो? ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मलेले मूलच गुन्हेगार ठरवले. सोलापूरला तारेच्या कुंपणात माणसांना हजेरीवर ठेवले. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला, पण पोलिसांच्या मनातला कायदा रद्द करण्याची तारीख अजून कुणी जाहीर केलेली नाही. कुठे कोंबडी चोरीला गेली तर अख्खा पारधी पाल झोडपला जातो. तिथे बालपण, पालक, मानसशास्त्र कुणाला आठवत नाही. जक्कलने दहा माणसे मारली म्हणून कला महाविद्यालयातल्या प्रत्येक मुलाची हजेरी चौकीत लागली नाही. लागू नये, हेच बरोबर आहे. गुन्हा माणूस करतो, जमात करीत नाही, हे तत्त्व पुण्याला तेव्हा उत्तम समजले होते. तेच तत्त्व गावकुसाबाहेर पोहोचेपर्यंत त्याचे पाय का थकतात, एवढेच मला विचारायचे आहे.

खटला पुण्याच्या सत्र न्यायालयात १५ मे १९७८ रोजी सुरू झाला. चांडक माफीचा साक्षीदार झाला. न्यायाधीश वामन नारायण बापट यांनी २८ सप्टेंबर १९७८ रोजी चौघांना फाशीची शिक्षा सुनावली. दहा खून, शेकडो दुवे, आणि साडेचार महिन्यांत निकाल. न्यायव्यवस्थेला मनात आणले तर काय करता येते, याचे हे उदाहरण आहे.

या साडेचार महिन्यांचे दुसरे पानही उलटून पाहा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आमच्या माणसांची घरे जळाली, विहिरी नासवल्या गेल्या, बायाबापड्या रानोमाळ झाल्या. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना जाळून मारले. पुण्याच्या न्यायालयात साक्षी चालू होत्या तेच हे दिवस. एकाच राज्यात, एकाच महिन्यात, एका दाराची कडी कोणी काढली याचा शोध इंचाइंचाने घेतला जात होता आणि दुसरीकडे दार, कडी, घर आणि माणूस सगळ्यांची एकदम राख होत होती.

तमिळनाडूतल्या किळवेण्मणी गावी २५ डिसेंबर १९६८ रोजी चव्वेचाळीस दलित शेतमजूर, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, एका झोपडीत जाळली गेली. उच्च न्यायालयात जमीनदार निर्दोष सुटले. एवढी श्रीमंत, प्रतिष्ठित माणसे स्वतः चालत जाऊन झोपड्या पेटवतील हे संभवत नाही, असा त्या निकालाचा सूर होता. पुण्यात ‘शिकलेली मुले असे करणे संभवत नाही’ असे कोणत्याही न्यायाधीशाने म्हटले नाही. संभव आणि असंभव यांची मापे मेलेला माणूस कोण आहे यावर ठरतात की काय, अशी शंका मग मनात येते. आणि नावांचे पाहा. त्यांच्या खटल्यांना माणसांची आडनावे मिळतात. आमच्या हत्याकांडांना गावांची नावे. किळवेण्मणी, टेंभुर्णी, खैरलांजी. जणू मेले ते गाव, माणसे नव्हेतच.

उच्च न्यायालयाने १९७९ मध्ये फाशी कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये अपील फेटाळले, दयेचा अर्जही फेटाळला गेला. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली गेली. त्या दिवशी पुण्यात अनेकांना समाधान वाटले. मला ते वाटले नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. १९४९ मध्ये संविधान सभेत बाबासाहेबांनी फाशीची शिक्षाच रद्द करावी या बाजूचे मत मांडले होते. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या चावडीवर न्यायाच्या नावाने मार खाल्ला आहे, त्याने दोरीवर फार विश्वास ठेवू नये. दोरी नायलॉनची असो की सरकारची. आम्हाला हवी आहे ती शिक्षेची समानता. त्याहून आधी हवी ती दखलेची समानता.

ती दखल अशी घेतली गेली: मुनव्वर शहाने तुरुंगात लिहिलेले आत्मकथन पुस्तकरूपाने लोकांपुढे आले. ‘माफीचा साक्षीदार’ नावाचा मराठी चित्रपट १९८६ मध्ये निघाला. मारणाऱ्याचे आत्मचरित्र झाले, साक्षीदाराचा सिनेमा झाला. सकूबाईच्या नावावर एक ओळ. ती कुठल्या गावची, पोटाला काय होते, पगार किती होता, त्या रात्री तिच्या घरी कुणी वाट पाहत होते का, हे विचारायला एकही लेखक गेला नाही. दलित साहित्य तेव्हा ऐन भरात होते. आम्हीही गेलो नाही. हा दोष मी दुसऱ्यांवर ढकलणार नाही. आमच्या कवितेत आई होती, पण शेजारच्या बंगल्यात मेलेली ‘ती बाई’ नव्हती.

माझी आई आता नाही. तिने विचारलेल्या प्रश्नाला त्या वेळी मी उत्तर दिले नाही, कारण मला ते नाव ठाऊक नव्हते. पुढे या खटल्याविषयी वाचताना, मेलेल्यांच्या यादीत, सगळ्यांच्या शेवटी ते सापडले. म्हणून आज सांगतो: आई, तिचे नाव सकूबाई. सकूबाई वाघ.