मोटार अपघात भरपाई व बीडचे ऊसतोड मजूर

मोटार अपघातातील जखमींच्या भरपाईचा कायदा भारतात टप्प्याटप्प्याने विकसित झाला. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमातील सक्तीचा त्रयस्थ पक्ष विमा १ जुलै १९४६ पासून अमलात आला. १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. १९८२ मध्ये चालकाची चूक सिद्ध न करताही कायम अपंगत्वासाठी ७,५०० रु. देय ठरले. १९८८ चा अधिनियम १ जुलै १९८९ पासून लागू झाला.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर दरवर्षी गळीत हंगामात ट्रक-ट्रॅक्टरमधून पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जातात. अपघात दूरच्या जिल्ह्यात घडला, तरी जखमी मजुरास आपल्या जिल्ह्यातील न्यायाधिकरणाकडे दावा करण्याची मुभा १९९४ च्या दुरुस्तीने मिळाली. मात्र मालवाहू वाहनातून मोफत प्रवास करणाऱ्या उतारूंच्या भरपाईस विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरविले. मजूर वाहनमालकाच्या नोकरीत असल्याचे सिद्ध झाल्यास विमासंरक्षण मिळू शकते. परंतु त्याचा करार पुष्कळदा मुकादमाशी, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन, तोंडीच झालेला असतो. त्यामुळे अशा दाव्यांत दुखापतीइतकाच नोकरीचा पुरावाही निर्णायक ठरतो.