जाळ्यावाचून फुलपाखरे

फुलपाखराची नोंद म्हणजे टाचणीला टोचलेले फुलपाखरू, असा समज भारतात दीर्घकाळ रूढ होता. आणि तो निराधार नव्हता. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, त्या काळी निसर्गाचा अभ्यासक जाळे आणि पेटी घेऊनच रानात शिरत असे. अमुक जात अमुक ठिकाणी आढळते असे त्याने म्हटले, की पुराव्यादाखल नमुना पुढे करणे त्यास भाग पडे. पुढे १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली अनेक फुलपाखरांना संरक्षण लाभले. मग हौशी अभ्यासकाने पुरावा द्यावा तो कसा?

या प्रश्नाचे एक उत्तर बेंगळुरूत घडत गेले. छायाचित्रणाचा नाद त्या शहरास जुना. टी. एन. ए. पेरुमाळ यांच्यासारखे वन्यजीव-छायाचित्रकार तेथलेच. यूथ फोटोग्राफिक सोसायटीही १९७१ साली तेथेच निघाली. मात्र अशा मंडळांत चित्राची परीक्षा होई ती प्रकाशाची आणि रचनेची. पाखरू कोठे व केव्हा टिपले, हा प्रश्न गौणच राही. २००४ साली कॅनडात ‘फ्लिकर’ सुरू झाले आणि महाजालावर चित्रे मांडण्याची सोय घरोघर पोहोचली. बेंगळुरूच्या निसर्गप्रेमींच्या पुढाकाराने निघालेल्या ‘इंडिया नेचर वॉच’वर चित्राखाली वाहवेबरोबरच जातीच्या ओळखीविषयी वादही झडू लागले. हा वाद हीच खरी नवी गोष्ट होय.

त्यास शिस्त लावली ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळाने. त्याच्या उभारणीत अग्रभागी असलेले कृष्णमेघ कुंटे हे ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ या पुस्तकामुळे मराठी वाचकांस परिचित आहेत. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात ते संशोधन करतात. येथे चित्राबरोबर स्थळ आणि दिनांक द्यावा लागतो, आणि जाणकारांनी ओळख पडताळल्यावरच ते त्या जातीच्या पानावर येते. चित्र कितीही देखणे असो, स्थळकाळावाचून अभ्यासकाच्या लेखी ते मुके!

या पद्धतीचे फळ सर्वांत अधिक दिसते ते अळ्यांच्या बाबतीत. जाळ्यात सापडते ते उडते फुलपाखरू. त्याची अळी कोणत्या झाडावर वाढली, हे जाळे सांगत नाही. परसातल्या कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मनची अळी पाहणारी गृहिणी किंवा बांडगुळावर जेझेबेलच्या अळ्या टिपणारा कारकून ते सांगू शकतो. २०१८ साली पश्चिम घाटातील ३००हून अधिक जातींच्या खाद्यवनस्पतींची जी सूची प्रसिद्ध झाली, तिच्या लेखकांत कुंटे यांच्याबरोबर केरळ-महाराष्ट्रातील रानोमाळ हिंडणारे निरीक्षकही होते. विद्यापीठाची पदवी आणि अचूक नजर यांची सांगड नेहमीच असते असे नाही.

तथापि छायाचित्राची धाव सर्वत्र पुरत नाही. काही ‘स्किपर’ जाती इतक्या सारख्या, की शरीराचे सूक्ष्म भाग भिंगाखाली तपासल्यावाचून त्यांचा निवाडा होत नाही. पंखाचे उत्तम चित्रही तेथे हात टेकते. अशा वेळी जाणकाराने ‘नक्की सांगता येत नाही’ असे लिहावे, हे चित्र टिपणाऱ्याला रुचत नाही. परंतु चुकीचे नाव एकदा रूढ झाले, की ते नकाशात शिरते आणि जात नसलेल्या जागी ती असल्याचे भासवते. म्हणूनच ज्या केंद्रात या चित्रांची छाननी करणारे संशोधक काम करतात, तेथेच टाचणीवरल्या नमुन्यांचा संग्रहही जपला जात आहे.