शेल वायू व द्रायू

शेल या सूक्ष्मकणी गाळाच्या खडकात अडकलेल्या नैसर्गिक वायूला ‘शेल वायू’ म्हणतात. त्याचा काही भाग छिद्रांत व भेगांत मुक्त असतो, तर काही जैव पदार्थांच्या पृष्ठभागावर अधिशोषित झालेला असतो. शेलची पार्यता (द्रायू म्हणजे द्रव वा वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता) अत्यल्प असल्याने हा वायू विहिरीकडे सहज वाहत येत नाही.

इतिहास : न्यूयॉर्क राज्यातील फ्रिडोनिया येथे विल्यम हार्ट यांनी १८२१ च्या सुमारास उथळ विहिरीतून शेलमधील वायू मिळविला व तो दिव्यांसाठी वापरण्यात आला. दाबाखाली द्रव घालून खडक भंगविण्याचा प्रयोग १९४७ मध्ये कॅनझस राज्यात झाला. टेक्ससमधील बार्नेट शेलमध्ये मिचेल एनर्जी या कंपनीने १९८१ पासून प्रयत्न केले; परंतु दाट जेलाचा वापर खर्चिक ठरला. १९९७-९८ मध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले पातळ पाणी वापरल्यावर यश आले.

मात्र घातलेल्या पाण्याचा काही भागच परत येतो. उरलेले पाणी केशाकर्षणाने छिद्रांत धरले जाऊन वायूची वाट अडविते. काही मृत्तिका खनिजे त्यामुळे फुगतात. उलट, पाणी भेगांतून खडकात शोषले गेल्यास भेगा मोकळ्या होतात. म्हणून काही विहिरी काही काळ बंद ठेवल्यावर प्रारंभी अधिक वायू मिळाल्याचे आढळले आहे. तथापि हा लाभ सर्वत्र होत नाही.

भारत : तेल व नैसर्गिक वायू महामंडळाला जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील दुर्गापूरजवळ बॅरन मेझर्स शेलमध्ये वायू आढळला. २०१३ मध्ये यासंबंधीचे शासकीय धोरण जाहीर झाले. परंतु त्यानंतरच्या दशकात मोठे व्यापारी उत्पादन उभे राहिले नाही.

महाराष्ट्रालगतच्या सागरी क्षेत्रात १९७४ मध्ये शोध लागलेल्या मुंबई हाय येथील तेल व वायू मुख्यतः पन्ना शैलसमूहातील शेलमध्ये निर्माण होऊन पार्य चुनखडकात साठलेले आहेत. जे स्थलांतर निसर्गाने दीर्घ काळात घडविले, तेच शेल वायूच्या बाबतीत पाण्याच्या दाबाने घडवावे लागते. एका आडव्या विहिरीस बहुधा एक कोटी लिटर वा अधिक पाणी लागते. म्हणजे एक हेक्टर जमिनीवर एक मीटर खोलीचा थर. पुणे जिल्ह्यातील कळंब (ता. इंदापूर) परिसरात भूपृष्ठी बेसाल्ट असल्याने तेथे हा प्रश्न उद्‌भवत नाही, पण नीरा कालव्यावर विसंबणाऱ्या अशा प्रदेशातील वाचकास या पाण्याचे मोल सहज कळेल. वायूची किंमत ठरविताना पाण्याची किंमतही मोजावी लागते.