आरएसव्ही संसर्ग आणि अर्भकमृत्यू

रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस (आरएसव्ही) या विषाणूमुळे फुप्फुसांपर्यंत पोहोचणारा संसर्ग आणि त्यातून, मुख्यतः गरीब देशांत, ओढवणारे तान्ह्या बाळांचे मृत्यू. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला हा विषाणू गाठतो आणि बहुतेकांचे सर्दी-खोकल्यावर निभावते. सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या श्वासनलिकांची टोके मात्र फार अरुंद असतात. थोडी सूज आणि चिकट स्राव यांनीही ती बुजतात. रक्तातील ऑक्सिजन घटतो, बाळ अंगावर पिईनासे होते, दर श्वासाला छाती आत ओढली जाते आणि शेवटी श्वास घेण्याचे बळच सरते.

हा विषाणू १९५६ मध्ये अमेरिकेतील प्रयोगशाळेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये सापडला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक आणि सहकाऱ्यांनी तो बाल्टिमोरमधील आजारी अर्भकांत ओळखला. १९६० च्या दशकात त्यावर केलेली लस उलटली : लस दिलेल्या मुलांना नंतर संसर्ग झाला तेव्हा आजार अधिक बळावला आणि दोन मुले दगावली. या धक्क्याने लससंशोधन अनेक दशके रेंगाळले.

२०१९ साली जगात पाच वर्षांखालील सुमारे १,०१,४०० मुलांचे मृत्यू आरएसव्हीमुळे झाले असा अंदाज आहे. त्यांपैकी ४५,७०० बाळे सहा महिन्यांचीही नव्हती. ९७ टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. एकूण मृत्यूंपैकी साधारण एक चतुर्थांशच रुग्णालयात झाले. बाकीची मुले घरी किंवा दवाखान्याच्या वाटेवर गेली. रुग्णालयाच्या नोंदींवरून या आजाराचे मोजमाप करणे त्यामुळेच फसवे ठरते.

झांबियाच्या लुसाका शहरात संशोधकांनी शवागारात आणलेल्या अर्भकांच्या नाकातील नमुने तपासले. सुमारे ७ टक्के बाळांत आरएसव्ही आढळला आणि त्यांत घरी वारलेल्या बाळांची संख्या जास्त होती. जिवंतपणी त्यांपैकी जवळपास कोणाचीच ही तपासणी झालेली नव्हती. महाराष्ट्रात मेळघाटातील कोरकू वस्त्यांमध्येही डॉ. आशीष सातव यांच्या ‘महान’ संस्थेच्या सहभागाने दोन वर्षांखालील मुलांचा असा अभ्यास झाला. तेथेही गावात झालेल्या मृत्यूंचा पाठपुरावा केल्याशिवाय आजाराचे खरे ओझे कळले नसते.

अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे किंवा हृदयदोष असलेले बाळ, दाटीवाटीचे घर आणि चुलीचा धूर यांनी धोका वाढतो. पण मरण ठरते ते पुष्कळदा रुग्णालयापर्यंतच्या अंतराने. विषाणूवर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. हवा असतो ऑक्सिजन, आणि तोही त्याच दिवशी. पापुआ न्यू गिनीतील पाच रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे काँसंट्रेटर आणि रक्तातील ऑक्सिजन मोजणारे पल्स ऑक्सिमीटर बसवल्यावर मुलांचे न्यूमोनियाने, म्हणजे फुप्फुसांच्या संसर्गाने, होणारे मृत्यू सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. ढाक्यात डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी शाम्पूची रिकामी बाटली वापरून श्वासाला दाब देणारे स्वस्त साधन बनवले. तीव्र न्यूमोनियाच्या मुलांवरील चाचणीत, साध्या मंद प्रवाहाच्या ऑक्सिजनवर १५ टक्के मुले दगावली, तर या साधनावर ४ टक्के. महागड्या व्हेंटिलेटरची वाट न पाहताही जीव वाचतात, याचा हा भक्कम पुरावा आहे.

प्रतिबंधासाठी १९९८ पासून पॅलिविझुमॅब हे प्रतिपिंडाचे इंजेक्शन होते. ते दर महिन्याला द्यावे लागे आणि त्याची किंमत गरीब देशांच्या आवाक्याबाहेरची होती. आता दोन सोपे मार्ग आहेत : गर्भवतीला शेवटच्या तिमाहीत द्यायची लस, जिच्यामुळे आईची प्रतिपिंडे बाळाला मिळतात, आणि नवजात बाळाला एकदाच टोचायचे निर्सेव्हिमॅब. अमेरिकेत दोन्ही २०२३ मध्ये वापरात आले. जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांना त्यांची शिफारस केली ती २०२५ मध्ये. ज्या देशांत बहुतेक बाळे मरतात, तेथील नियमित लसीकरणात हे उपाय परवडणाऱ्या दरात पोहोचवणे हे काम अजून बाकी आहे.